आक्कांच्या मागे आपण काय शिकलो

(अग्निशमन सेवा सप्ताहात आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शिलाई मशीनवर असाल, कुणी नुसत्याच टेकला असाल. जिथं असाल तिथून ऐका. आज बचतीचं आणि कर्जाच्या हप्त्याचं काही सांगणार नाही. आज आम्ही आगीबद्दल बोलणार आहोत, आणि आमच्या गटातल्या एका बाईबद्दल.

नाव सांगत नाही. घरच्यांना विचारलं तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "सगळं सांगा, फक्त नाव नको. आईला पुढं पुढं करायला आवडायचं नाही." सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणायची. आपणही आक्काच म्हणू.

फेब्रुवारीत आमच्या वस्तीत एक घर जळालं. शेजारचा चार वर्षांचा मुलगा आत होता. तो मुलगा आज अंगणवाडीत जातो. त्याला काढायला गेलेल्या आक्का आज नाहीत.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "आक्का आत गेल्या, ते बरोबर केलं का चूक केलं?" कुणीच बोललं नाही. त्या दिवशी वहीत फक्त हजेरी लागली आणि आम्ही उठलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग आम्ही चौघी-पाच जणी अग्निशमन केंद्रावर गेलो, तिथल्या जवानांना विचारलं. आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारलं. बँकेत आणि तहसीलला खेटे घातले. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

त्या दिवशी काय झालं

आमची घरं पत्र्याची, एकाला एक लागून. पुढं एक दार, मागं सलग पत्रा, खिडकी नाही. मुलाची आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला गेली होती. मुलाला कणकण होती म्हणून अंगणवाडीत पाठवलं नव्हतं. तो झोपला होता. आईनं आक्कांना सांगितलं, "जरा लक्ष ठेवा," आणि पोरगं उठून रस्त्यावर जाऊ नये म्हणून बाहेरून कडी घातली. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज हेच करतात.

घरात एकच वीजबोर्ड. त्यालाच एक्स्टेन्शन जोडून पंखा, टीव्ही आणि मोबाइलचा चार्जर लावलेला. त्याच्यावर दोरीला कपडे. तिथूनच पेट घेतला. आक्का अंगणात ज्वारी पाखडत होत्या. प्लॅस्टिक जळल्याचा वास आला तसं त्यांनी सूप टाकलं, कडी काढली आणि आत गेल्या. आत काळाकुट्ट धूर. खोकत बाहेर आल्या. खाटेवर मूल नव्हतं. त्यांनी आरडाओरडा केला, माणसं जमली. कुणी म्हणालं सिलिंडर आहे, कुणी म्हणालं पत्र्याला करंट आहे, पाणी मारू नका. सगळे दोन पावलं मागं सरकले. तेवढ्यात आक्का तोंडाला पदर लावून दुसऱ्यांदा आत गेल्या.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "खाटेखाली हाय गं, खाटेखाली!" त्यानंतर आवाज आला नाही.

सगळ्या घरांची मांडणी सारखीच. खाट कुठं असते ते सगळ्यांना ठाऊक. दोन पोरं मागच्या बाजूला धावली, पहार घालून नेमका तिथलाच पत्रा उचकटला आणि खाटेखालून मुलाला पायाला धरून ओढून काढलं. आक्का दाराच्या आत दोन पावलांवर पडलेल्या सापडल्या. बंब आला तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. तालुक्याहून यायचा, त्याचीही चूक नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आक्का गेल्या. डॉक्टर म्हणाले, "भाजलेलं फार नाही. धुरानं घात केला."

जाळाआधी धूर मारतो

ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. आपण जाळाला घाबरतो. जाळ लांब दिसला की वाटतं, अजून वेळ आहे, पटकन जाऊन येऊ. पण बंद खोलीतला धूर जाळाच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचतो.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो लाल पदार्थ, म्हणजे हिमोग्लोबिन, शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतो, त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. मग रक्त वाहतं, पण त्यातून ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोकं गरगरतं, मग काही सुचत नाही, मग पायातलं बळ जातं. आक्का स्वतःच्या घरासारख्याच घरात होत्या. दार दोन पावलांवर होतं. तरी सापडलं नाही, ते यामुळं.

त्यात फोमची गादी, प्लॅस्टिकच्या बादल्या, नायलॉनच्या साड्या, वायरींवरचं आवरण हे सगळं जळताना आणखी विषारी वायू सोडतं. पूर्वीच्या घरात लाकूड, सूत आणि माती असायची. आताच्या घरात जळायला प्लॅस्टिक जास्त.

दुसरं असं, की गरम धूर वर चढतो आणि छताखाली साठत खाली येतो. म्हणून उभ्या माणसाच्या नाकाशी सगळ्यात वाईट हवा आणि जमिनीलगत त्यातल्या त्यात बरी हवा असते. धुरात सापडलात तर उभं राहून पळू नका. खाली बसा, रांगत, भिंतीला हात लावत दाराकडं जा.

तिसरं, दार उघडलं की आगीला हवा मिळते. काही वेळा खोलीतल्या सगळ्या वस्तू इतक्या तापलेल्या असतात की सगळी खोली एकदम पेट घेते. म्हणून बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघायची. चटका बसला तर ते दार उघडायचं नाही.

आता ओल्या फडक्याचं. तुम्ही ऐकलं असेल, २०१८ साली मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवर इमारतीला आग लागली होती. तेव्हा तिथं राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीनं घाबरलेल्या शेजाऱ्यांना ओलं सुती कापड नाकाला लावायला सांगितलं. शाळेत शिकलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं. तिला पुढं राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. पण नीट समजून घ्या. ती माणसं अडकलेली होती आणि सुटकेची वाट बघत होती. ओलं कापड काजळी अडवतं, घसा वाचवतं. तो विषारी वायू मात्र ओल्या कापडातून आरपार जातो. म्हणून अडकलात तर ओलं कापड जरूर लावा, पण पदर ओला केला म्हणून धुरात शिरायला हरकत नाही, असं समजू नका. बंबावरचे जवान आत जाताना पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन जातात, ते उगीच नाही.

बाहेरच्यांनी काय करायचं

शेजारचं घर पेटलं तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत शेजारीच असतात. म्हणून क्रम पाठ पाहिजे. आम्ही जवानांना विचारून हा क्रम लावला:

१. ओरडून सगळ्यांना जमवा. एकटीनं काही करू नका.

२. एकीनं फोन लावायचा. अग्निशमन १०१ किंवा कुठल्याही संकटासाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. पत्ता सांगताना ओळखीची खूण सांगा, आणि एका पोराला मुख्य रस्त्यावर बंबाला वाट दाखवायला उभं करा.

३. वीज तोडा. मेन स्विच बाहेर असेल तर बंद करा. पत्र्याच्या घराला करंट उतरलेला असू शकतो. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पत्र्याला हात लावू नका, पाणी मारू नका. सुरू विजेच्या आगीवर कोरडी वाळू किंवा माती टाकतात.

४. आत कोण आहे, कुठं झोपतं, हे घरच्या माणसाकडून किंवा शेजारणीकडून लगेच विचारून घ्या.

५. दारातून जाता येत नसेल तर घराला फेरी मारा. मागून पत्रा उचकटता येईल का, खिडकी काढता येईल का, कुडाला भोक पाडता येईल का बघा. मूल असेल त्याच बाजूनं वाट करा.

६. जो बाहेर आला त्याला पुन्हा आत जाऊ देऊ नका. हे सगळ्यात अवघड. दोघींनी धरून ठेवा. पहिल्या फेरीतच त्याच्या छातीत विष गेलेलं असतं.

सिलिंडरबद्दल वेगळं सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीवर पसरतो. गळतीचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. पण आग लागलेल्या घरात सिलिंडर जाळाच्या कवेत असेल तर तो ओढायला जाऊ नका. लांब व्हा, आणि बंब आला की पहिलं वाक्य तेच सांगा, सिलिंडर कुठं आहे.

लेकरं पळत नाहीत, लपतात

त्या दिवशी मूल खाटेवर नव्हतं, खाटेखाली होतं. आम्हाला वाटलं, हे पोरगं वेगळंच. जवान म्हणाले, बहुतेक लहान मुलं असंच करतात. घाबरलं की खाटेखाली, गोधड्यांच्या चळतीमागं, कपाटात, मोरीत. हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपणच काहीतरी केलं, आता मार बसणार. म्हणून शोधताना आधी खाली बघायचं.

मुलांना आधीपासून शिकवताही येतं. आम्ही अंगणवाडीत एक खेळ सुरू केला. दोन बाया कमरेएवढ्या उंचीवर चादर धरतात. चादर म्हणजे धूर. ताई "धूर आला!" म्हणाल्या की मुलांनी चादरीखालून रांगत दाराबाहेर जायचं आणि अंगणातल्या लिंबाखाली उभं राहायचं. पोरं हसत खेळतात. आक्कांनी वाचवलेला तो मुलगा पहिल्या दिवशी चादरीखाली जाईना, रडत बसला. आता जातो. कपडे पेटले तर पळायचं नाही, थांबायचं, आडवं पडायचं, तोंड झाकून लोळायचं, हेही त्यांना शिकवतो.

आणि बाहेरून कडी घालण्याचं काय? आग विझली नव्हती तेव्हापासून लोक त्या मुलाच्या आईला बोलत होते, "पोराला कोंडून गेलीच कशी?" ती दोन महिने मान वर करून चालली नाही. आम्ही सगळ्यांसमोर सांगतो, ती हौसेनं गेली नव्हती. खाडा झाला असता तर दिवसाची मजुरी बुडाली असती. बोलणाऱ्यांपैकी एकानंही कधी तिचं पोर तासभर सांभाळलं नव्हतं. आक्का सांभाळायच्या. आता गटानं पाळी लावली आहे. कामाला न जाणाऱ्या दोघी रोज वस्तीतली लहान मुलं समाजमंदिरात घेऊन बसतात, आणि कामाला जाणाऱ्या त्यांना महिन्याला थोडे पैसे देतात. एकाही घराला, आत मूल असताना, बाहेरून कडी लागणार नाही, असा ठराव वहीत लिहिला आहे.

बाहेर काढल्यावर

भाजलेल्या जागेवर साधं थंड पाणी, वाहतं, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ सुती कापड सैल पांघरा आणि दवाखाना गाठा.

अंगावरचा जाळ विझवायला जाड सुती किंवा लोकरी पांघरूण लागतं. आपण म्हणतो गोधडी टाका. पण गोधडी कशाची आहे ते बघा. आपल्या आज्यांच्या गोधड्या सुती लुगड्यांच्या होत्या. आता आपण नायलॉनच्या साड्यांच्या शिवतो, त्या वितळून अंगाला चिकटतात. घरात एक तरी सुती गोधडी किंवा घोंगडी हाताशी ठेवा.

आणि धुरातून निघालेलं माणूस बोलत असलं, चालत असलं, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. त्याला ऑक्सिजन लावावा लागतो. त्या मुलाला एवढंसंही भाजलं नव्हतं, तरी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून ठेवून घेतलं.

वीस रुपयांची गोष्ट

आता जे सांगतो ते सांगताना आम्हाला लाज वाटते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तुम्हाला माहीत आहे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये. आक्कांचा फॉर्म आम्हीच भरला होता. पुढं कधी बघितलं नाही. आक्का गेल्यावर पासबुक उघडलं. मे महिन्यात पैसे कापायच्या वेळी त्यांच्या खात्यावर ११ रुपये होते. कपात झालीच नाही, विमा बंद पडला. गटाच्या खात्यावर आक्कांची बचत जमा होत होती, आणि त्यांच्या स्वतःच्या खात्यावर वीस रुपये नव्हते. हे बघायचं काम आमचं होतं.

म्हणून या महिन्यातच पासबुक भरून आणा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, पैसे मेच्या शेवटी कापतात. तेव्हा खात्यावर शिल्लक पाहिजे. वय ५० च्या आत असेल तर जीवन ज्योती योजनेचे ४३६ रुपयेही धरून ठेवा. कपातीची ओळ पासबुकात छापून आली का, ते जूनच्या बैठकीत आम्ही प्रत्येकीचं तपासणार आहोत.

कुणावर असा प्रसंग आलाच तर दुःखात कागद राहून जातात, ते राहू देऊ नका. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसाचं पासबुक, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा. आग गॅसमुळं लागली असेल तर तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. त्यासाठी गॅस एजन्सीला लगेच लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

आणखी एक. जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदकं आहेत. १९६१ साली सुरू झाली. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक, असे तीन प्रकार. आगीतून वाचवणं त्यात येतं, आणि मरणोत्तरही देतात. शिफारस राज्य सरकारकडून जाते आणि ती घटनेपासून दोन वर्षांत व्हावी लागते. आक्कांसाठी आम्ही पंचनामा, दवाखान्याचे कागद आणि पत्रा उचकटणाऱ्या दोघांचे जबाब जोडून तहसीलला अर्ज दिला आहे. मिळेल न मिळेल. पण आक्कांनी काय केलं ते सरकारी कागदावर लिहिलं गेलं पाहिजे.

मुलांच्या राष्ट्रीय शौर्य पुरस्काराची सुरुवातही एका आगीतूनच झाली. २ ऑक्टोबर १९५७ ला दिल्लीत रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू असताना शामियान्याला आग लागली. पंडित नेहरू तिथं होते. चौदा वर्षांच्या एका मुलानं खांबावर चढून चाकूनं जळतं कापड कापलं. त्याचं कौतुक करताना असा पुरस्कार दरवर्षी असावा, हे ठरलं. लक्षात घ्या, त्यानं धाडस केलं आणि अक्कलही चालवली, आग पसरायची वाटच कापली.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती करतो. त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर आग लागून स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत हा सप्ताह पाळतात. त्यांनाही घरी कुणीतरी विचारलंच असेल, का गेलात?

आम्ही मागच्या बैठकीत उत्तर दिलं, ते असं. आक्का चुकल्या नाहीत. त्यांनी आतून सांगितलं नसतं तर पोरांनी नेमका तोच पत्रा उचकटला नसता. मूल त्यांच्या आवाजानं वाचलं. चुकलो आपण सगळे. मागच्या भिंतीला वाट ठेवली नाही, एका बोर्डावर सगळं घर चालवलं, दुसऱ्यांदा आत जाताना त्यांना धरलं नाही, वीस रुपये बघितले नाहीत.

म्हणून गटाच्या कर्जातून पहिली सात घरं निवडली आहेत. त्यांच्या मागच्या पत्र्याला आतून कडी असलेली, मोठं माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी बसते आहे. वायरमनकडून बोर्ड तपासून घेतले. समाजमंदिराबाहेर वाळूच्या चार बादल्या, एक पहार आणि एक घंटा टांगली आहे. घंटा आक्कांच्या मुलानं आणून दिली.

तुमच्या गटानं आज निदान तीन गोष्टी कराव्यात. घराला दुसरी वाट आहे का बघा, लेकरांना चादरीचा खेळ शिकवा, पासबुक भरून आणा. झालं की रेडिओवर फोन करून सांगा, आम्ही तुमच्या गटाचं नाव घेऊन सांगू. वहिनी आता बैठकीला पहिल्या येतात आणि वाळूत पोरांनी कागद टाकले नाहीत ना, ते बघून मगच आत येऊन बसतात.

येतो आम्ही. नमस्कार.